एंजिनाचे तेल : निवड आणि बदल

मोटार दुरुस्तीच्या बहुतेक कारखान्यांत एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. मिस्त्री एंजिनातील तेल मोजण्याची दांडी बाहेर ओढतो, तिच्या टोकावरील तेल अंगठा व तर्जनी यांमध्ये चोळून पाहतो, काळे झालेले बोट मालकापुढे धरतो आणि तेल बदलावे लागेल असा निर्णय देतो. मालक मान डोलावतो. कोणते तेल घालावयाचे, हा त्यानंतरचा प्रश्नही असाच चटकन सुटतो. दुकानात जे असेल ते, किंवा ज्याचा डबा सर्वांत महाग ते.

या परीक्षेत रंग आणि दाटपणा अशा दोन गोष्टी तपासल्या जातात. त्यांपैकी रंगावरून फारसे काही समजत नाही, आणि दाटपणातील महत्त्वाचा फरक बोटांना जाणवत नाही. निर्णय मात्र लहान नसतो. वेळ टळून गेल्यावर तेल बदलले, तर एंजिनाचे धारवे झिजतात, आणि त्यांच्या दुरुस्तीचा खर्च तेलाच्या किमतीच्या अनेक पटींनी भरतो. उलट उगीच लवकर बदलले, तर उपयोगी तेल वाया जाते. भारत आपल्या गरजेच्या कच्च्या खनिज तेलापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक तेल आयात करतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ही उधळपट्टीही दुर्लक्ष करण्याजोगी नाही हे पटेल. निर्णय योग्य व्हावा यासाठी तेल एंजिनात नेमके काय करते, हे प्रथम पाहावे लागते.

दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत केले तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते डोंगरदऱ्यांसारखेच दिसतात. ते एकमेकांवर घासले की उंचवटे एकमेकांत अडकतात, तुटतात आणि तापतात. त्यांच्यामध्ये तेल असले की घर्षण कमी होते, हे बैलगाडीच्या आसाला वंगण घालणाऱ्या गाडीवानालाही ठाऊक होते. परंतु तेल हे कसे साधते, याचा उलगडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तोही काहीसा योगायोगाने झाला. इंग्लंडमधील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने बोशँप टॉवर या अभियंत्याकडे रेल्वेच्या आसांच्या धारव्यांवर प्रयोग करण्याचे काम सोपविले होते. त्याचा पहिला अहवाल १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. फिरत्या आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला आणि वरच्या भागावर भार देणारा पितळी धारवा, अशी त्याची मांडणी होती. वरून तेल सोडता यावे म्हणून त्याने धारव्याला एक भोक पाडले. यंत्र सुरू करताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. टॉवरने त्यात बूच ठोकले, तेव्हा बूच उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. अखेर त्याने तेथे दाबमापक बसविला. त्याचा काटा दर चौरस इंचास २०० पौंडांच्या पलीकडे गेला, आणि धारव्यावरील सरासरी भार तर केवळ १०० पौंडांच्या आसपास होता.

याचा अर्थ असा की, फिरणारा आस तेलाला आपल्याबरोबर अरुंद होत जाणाऱ्या फटीत ओढून नेत होता, तेथे तेलात दाब निर्माण होत होता आणि त्या दाबावर वरचा सर्व भार तरंगत होता. धातूला धातूचा स्पर्शच होत नव्हता. ऑस्बर्न रेनल्ड्स याने १८८६ मध्ये या घटनेची गणिती उपपत्ती मांडली. आजच्या कोणत्याही एंजिनाचे मुख्य धारवे याच तत्त्वावर चालतात. भुजादंड, म्हणजेच क्रँकशाफ्ट, आणि त्याचे धारवे यांमधील फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी असते. तेलाचा जो थर भार पेलतो तो तर जेथे सर्वांत पातळ होतो तेथे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशोबात मोजावा लागतो. सारे एंजिन या थरावर उभे असते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

हा थर टिकतो तो आसाच्या वेगामुळे आणि तेलाच्या श्यानतेमुळे. श्यानता म्हणजे द्रवाने वाहण्यास केलेला अंतर्गत विरोध. व्यवहारात तिला दाटपणा म्हणतात. वेग नसेल तर थरही नसतो. एंजिन थांबले की धातू धातूवर टेकतो, आणि पुन्हा सुरू करताना पहिल्या काही क्षणांत तो घासला जातो. त्या क्षणांसाठी, आणि झडपा उघडणाऱ्या उंचवट्यांसारख्या सतत रेटा सोसणाऱ्या भागांसाठी, तेलात जस्त व फॉस्फरसयुक्त द्रव्ये घातलेली असतात. ही द्रव्ये उष्णता व दाब यांच्या प्रभावाने धातूवर एक पातळ, त्यागास तयार असे कवच निर्माण करतात. घासले जाते ते कवच, धातू नव्हे. अशी पूरक द्रव्ये १९४० च्या दशकापासून वापरात आहेत.

श्यानता ही गोष्ट मोठी चंचल आहे. तापमान वाढले की ती झपाट्याने उतरते. साध्या ३० क्रमांकाच्या खनिज तेलाची श्यानता ४०° से. ला १०० एकक असेल, तर १००° से. ला ती ११ एककांच्या आसपास येते. म्हणजे सकाळी एंजिन सुरू करताना असलेले तेल आणि तासाभराने घाटात चढताना असलेले तेल हे जणू दोन निरनिराळे द्रव असतात. डब्यावरील आकडे या दोन अवस्थांविषयीच काही सांगतात.

हे आकडे ‘एसएई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने ठरविलेले आहेत. तिचे पहिले वर्गीकरण १९११ मधील आहे, आणि त्यानंतर त्यात वेळोवेळी भर पडली. ‘२०डब्ल्यू-४०’ यातील ‘डब्ल्यू’ हे इंग्रजीतील हिवाळ्याचे आद्याक्षर होय. त्याच्या आधीचा आकडा थंडीतील वागणूक दर्शवितो. तो जितका लहान, तितके तेल अधिक थंडीत वाहते आणि एंजिन फिरू देते. २०डब्ल्यू तेलाची ही परीक्षा उणे १५° से. ला, तर ५डब्ल्यू तेलाची उणे ३०° से. ला घेतली जाते. शेवटचा आकडा १००° से. तापमानाच्या श्यानतेचा वर्ग दाखवितो. ३० क्रमांकात ती ९.३ ते १२.५ एकक, ४० क्रमांकात १२.५ ते १६.३ एकक, आणि ५० क्रमांकात १६.३ ते २१.९ एकक असावी लागते. येथे हा आकडा म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. ५० क्रमांकाचे तेल ३० क्रमांकाच्या तेलापेक्षा दाट असते, चांगले नव्हे. धान्याच्या पोत्याचे वजन सांगितले म्हणून धान्याची प्रत कळत नाही, तसेच हे.

एकाच तेलाला दोन आकडे कसे लाभतात, हेही समजून घेण्यासारखे आहे. अशा तेलात लांबच लांब रेणूंची बहुवारिके मिसळलेली असतात. थंड तेलात हे रेणू गुंडाळीसारखे आकसून बसतात आणि प्रवाहाला फारशी बाधा आणत नाहीत. तेल तापले की ते उलगडतात, पसरतात आणि पातळ होऊ पाहणाऱ्या तेलाला आधार देतात. परंतु धारव्यांत आणि दंतचक्रांमध्ये वारंवार रगडले जाऊन हे लांब रेणू तुटतात. म्हणूनच डब्यातून ४० क्रमांकाचे म्हणून ओतलेले तेल काही हजार किलोमीटरनंतर ३० क्रमांकात उतरलेले आढळू शकते. बोटांना हा फरक कळत नाही.

भारतासारख्या उष्ण देशात दाट तेलच वापरले पाहिजे, ही समजूत सर्वत्र आढळते. ती अर्धीच खरी आहे. पाण्याने थंड होणाऱ्या एंजिनाचे तापमान बाहेरच्या हवेवर फारसे अवलंबून नसते. शीतकाचा प्रवाह नियंत्रित करणारी झडप ते जवळजवळ एका पातळीवर ठेवते. मे महिन्यात नागपूरला आणि जानेवारीत अमृतसरला तेच एंजिन तासभर चालविले, तर दोन्ही ठिकाणी तेल साधारण ९०° ते ११०° से. च्या दरम्यानच असेल. त्यामुळे दुसरा आकडा हवामानापेक्षा एंजिनाच्या रचनेवर, म्हणजे त्याच्या धारव्यांतील फटीवर आणि तेलपंपाच्या क्षमतेवर ठरतो. कमी फटींची नवी पेट्रोल एंजिने ०डब्ल्यू-२० सारख्या अतिशय पातळ तेलासाठीच आखलेली असतात. त्यांत ‘आपल्याकडच्या उन्हाला’ म्हणून २०डब्ल्यू-५० घातले तर तेल वरच्या भागांपर्यंत पोहोचण्यास उशीर लागतो आणि इंधनही अधिक जळते. पहिला आकडा मात्र हवामानाशी निगडित आहे. देशाच्या बहुतेक भागांत पारा कधी शून्याखाली जात नाही, तेव्हा एंजिनाची हरकत नसेल तर तेथे २०डब्ल्यू पुरेसे होते. द्रासला हिवाळ्यात पारा उणे २०° च्याही खाली उतरतो. तेथे तेच तेल मेणासारखे बसते आणि पंपाला ते ओढता येत नाही. हवेने थंड होणाऱ्या मोटारसायकलींची गोष्ट वेगळी. त्यांना तापमान राखणारी झडप नसते. गर्दीत उभ्या असलेल्या मोटारसायकलीचे तेल उन्हाळ्यात खरोखरच फार तापते, आणि म्हणून त्यांच्या उत्पादकांनी काहीसे दाट तेल सुचविले असेल तर ते सकारण असते.

आकड्यांनंतर अक्षरे येतात. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट ही संस्था पेट्रोल एंजिनांच्या तेलासाठी ‘एस’ने आणि डीझेल एंजिनांच्या तेलासाठी ‘सी’ने सुरू होणारे वर्ग ठरवते. ‘एसए’ वर्गातील तेलात कोणतीही पूरक द्रव्ये नसत. १९३० नंतरच्या बहुतेक एंजिनांना ते अयोग्य समजले जाते. तेथून वर्णमालेत पुढे सरकत ‘एसएन’ हा वर्ग २०१० मध्ये, ‘एसपी’ २०२० मध्ये आणि ‘एसक्यू’ २०२५ मध्ये आला. डीझेलसाठी ‘सीके-४’ हा वर्ग २०१६ पासून आहे. प्रत्येक नव्या अक्षरामागे एखादी अडचण असते. उदाहरणार्थ, टर्बो बसविलेल्या लहान पेट्रोल एंजिनांत कमी वेगावर आणि मोठ्या भारावर इंधन अवेळी पेटून दट्ट्या फुटण्याचे प्रकार घडू लागले. तेलातील कॅल्शियमयुक्त प्रक्षालक द्रव्ये या अवेळी ज्वलनाला साहाय्यभूत होतात असे आढळले. तेव्हा त्यांचे प्रमाण घटवून मॅग्नेशियमयुक्त द्रव्ये वापरण्यात येऊ लागली.

पेट्रोल एंजिनांपुरते बोलावयाचे तर सर्वसाधारणपणे नंतरचे अक्षर आधीच्या अक्षराची जागा घेऊ शकते. परंतु यावरून महाग तेल कोणत्याही एंजिनाला हितकर ठरते असे समजणे चुकीचे होईल, आणि याचा प्रत्यय भारतातील रस्त्यांवर रोज येतो. आपल्याकडील वाहनांत दुचाकींची संख्या सर्वांत मोठी आहे. बहुतेक मोटारसायकलींत एंजिन, दंतचक्रे आणि क्लच ही तिन्ही एकाच तेलात बुडालेली असतात. एंजिनाला घर्षण नको असते. क्लचचे सारे काम मात्र घर्षणावर चालते. मोटारगाडीसाठी बनविलेल्या उंची तेलात इंधन वाचविण्यासाठी घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. ते तेल मोटारसायकलीत ओतले की क्लचच्या चकत्या घसरू लागतात, चढावर एंजिन गर्जते आणि गाडी मात्र पुढे जात नाही. यासाठी जपानच्या मोटार मानक संघटनेने १९९८ मध्ये ‘जासो’ या नावाने ओळखली जाणारी वेगळी वर्गवारी केली. तीतील ‘एमए’ तेल ओल्या क्लचच्या मोटारसायकलींसाठी, आणि ‘एमबी’ हे क्लच तेलाबाहेर असलेल्या स्कूटरसारख्या वाहनांसाठी असते. दुचाकीच्या मालकाने डब्यावर इतर काही वाचले नाही तरी ही दोन अक्षरे अवश्य वाचावीत.

याहून मोठ्या एंजिनांतही असेच उदाहरण सापडते. १९९९ पासून भारतीय रेल्वेवर जनरल मोटर्सच्या आराखड्याची डीझेल एंजिने आली. त्यांच्या दट्ट्याच्या खिळीच्या धारव्यांना चांदीचा मुलामा असतो. इतर एंजिनांचे रक्षण करणारी जस्तयुक्त द्रव्ये चांदीला खातात. म्हणून या एंजिनांना जस्तरहित तेलच द्यावे लागते. एका एंजिनाचे औषध ते दुसऱ्याचे विष, असा हा प्रकार आहे. उत्पादकाच्या पुस्तिकेतील तेलविषयक पान बहुतेक मालक उघडूनही पाहत नाहीत, परंतु निवडीचा प्रश्न तेथे बव्हंशी सुटलेला असतो.

कृत्रिम तेलाविषयी थोडक्यात सांगता येईल. नैसर्गिक खनिज तेलात लहानमोठे, सरळवाकडे असे सर्व प्रकारचे रेणू असतात. कृत्रिम तेलाचे रेणू रासायनिक प्रक्रियांनी सारखे घडविलेले असतात. ते उष्णतेत अधिक काळ टिकते आणि थंडीत अधिक सहज वाहते. टर्बोच्या तप्त आसावर साधे तेल करपून कोळशाचा थर साचतो. तेथे त्याचा लाभ स्पष्ट आहे. नेमाने तेल बदलल्या जाणाऱ्या जुन्या साध्या एंजिनाला त्याने फारसा फरक पडत नाही.

आता तेल केव्हा बदलावयाचे, याकडे वळावयास हरकत नाही. त्यासाठी मिस्त्रीच्या काळ्या बोटाकडे परत जावे लागेल. तेल काळे का होते? डीझेल एंजिनात ज्वलनाच्या वेळी काजळी तयार होते आणि तिचा काही अंश दट्ट्यावरील कड्यांच्या फटीतून खाली तेलात उतरतो. चांगल्या तेलात काजळीच्या कणांना वेगवेगळे, तरंगते ठेवणारी द्रव्ये असतात. ती नसती तर कण एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे झाले असते आणि तेलाच्या नळ्या तुंबल्या असत्या. म्हणजे तेल काळे दिसते ते बहुधा आपले काम करीत असल्यामुळे. डीझेल एंजिनात ओतलेले नवे तेल शंभर-दोनशे किलोमीटरमध्येच काळे होऊ शकते. चिंता करावयाची ती बरेच चाललेले डीझेल एंजिनाचे तेल स्वच्छ दिसू लागले तर. अशा वेळी घाण तेलात नसून एंजिनाच्या भिंतींवर बसत असण्याचा संभव असतो. पेट्रोल एंजिनात रंगबदल हळू होतो, पण त्यावरूनही आयुष्य मोजता येत नाही.

तेलाचे खरे शत्रू डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. पहिला शत्रू पाणी. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. बहुतेक वाफ धुराड्यातून निघून जाते, पण काही तेलात शिरते आणि तिच्याबरोबर न जळलेले पेट्रोलही. एंजिन पूर्ण तापले की दोन्ही उडून जातात. एंजिन तापण्यापूर्वीच बंद केले तर ती तेलात साचत राहतात. रोज घरापासून तीन-चार किलोमीटरवरील दवाखान्यात जाणाऱ्या डॉक्टरची मोटार आणि दररोज शेकडो किलोमीटर धावणारी टॅक्सी यांची तुलना केली, तर तेल लवकर बिघडते ते डॉक्टरच्या मोटारीचे. तेल ओतण्याच्या टोपणाच्या आतल्या बाजूस दुधाळ कॉफीच्या रंगाचा फेस दिसू लागला, तर तो पाणी व तेल यांचे पायस होय. मात्र तो फेस वाढत असेल आणि शीतकाची पातळीही घटत असेल, तर शीतक एंजिनात गळत असण्याची शक्यता गृहीत धरावी.

दुसरा शत्रू आम्ल. इंधनातील गंधक जळून त्याचे वायू होतात आणि पाण्याशी संयोग पावून ते गंधकाम्ल बनतात. या आम्लाचे उदासीनीकरण करण्यासाठी तेलात अल्कधर्मी द्रव्ये घातलेली असतात. त्यांचा साठा मोजता येतो. तो निम्म्याच्या खाली गेला की तेल बदलावे, असा बऱ्याच ठिकाणी प्रघात आहे. भारतात १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत डीझेलमध्ये एक टक्का, म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार भाग, इतके गंधक चालत असे. १ एप्रिल २०१७ पासून देशभर ही मर्यादा ५० भागांवर, आणि १ एप्रिल २०२० पासून १० भागांवर आली. तीस वर्षांत गंधकाची मर्यादा हजारपटींनी खाली आली. त्या काळच्या मालमोटारचालकांनी तेल लवकर बदलण्याचा जो आग्रह धरला तो अनुभवाचाच होता. आजचे नियम त्याच आकड्यांनी चालविणे मात्र सयुक्तिक नाही. दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला एकदा असा बदल आता अनेक मोटारींसाठी सांगितला जातो, त्याला स्वच्छ इंधनाचाही हातभार लागलेला आहे.

तिसरा शत्रू उष्णता. तापलेल्या तेलाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो, ते दाट होते आणि त्यात राळेसारखा गाळ धरतो. रसायनशास्त्राच्या ढोबळ नियमानुसार दर १०° से. तापमानवाढीस या क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. धूळ हा चौथा. तिचा बंदोबस्त तेल बदलून नव्हे, तर हवेची गाळणी वेळेवर साफ करून करावयाचा असतो. शेतात नांगरणाऱ्या ट्रॅक्टरच्या बाबतीत ही गाळणी तेलाइतकीच मोलाची ठरते.

अलीकडे डीझेल मोटारींत एक नवी अडचण उद्भवली आहे. २०२० पासूनच्या अनेक डीझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी कणगाळणी असते. साचलेली काजळी अधूनमधून जाळून टाकण्यासाठी एंजिनात जादा डीझेल सोडले जाते. मोटार सतत शहराच्या गर्दीत फिरत राहिली तर ही जाळण्याची क्रिया वारंवार अर्धवट राहते आणि जादा डीझेल खाली तेलात उतरते. परिणामी दांडीवरील तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वाढते. तेल कमी होत नाही म्हणून मालक समाधानी असतो. वस्तुतः पातळी वाढणे हे कमी होण्याहूनही धोक्याचे लक्षण आहे, कारण तेल पातळ होऊन भार पेलण्यास असमर्थ होत असते. अशा गाड्यांना कमी राख सोडणारे तेलच घालावे लागते. तेल काही अंशी जळतेच, आणि त्याची राख मात्र कणगाळणीत कायम राहते.

या सर्व गोष्टींवरून हे उघड होईल की, केवळ किलोमीटर मोजून तेलाचे आयुष्य मोजणे ही एक सोय आहे, सत्य नव्हे. खुल्या रस्त्यावर ताशी सरासरी ४० किमी. वेगाने गेलेली मोटार १०,००० किमी. अंतर २५० तासांत कापते. गर्दीच्या शहरात ताशी २० किमी. ही सरासरी धरली तर तेवढ्याच अंतरास ५०० तास लागतात. दोघींच्या अंतरमापकावर आकडा एकच, पण एका एंजिनाने दुप्पट काम केलेले असते. म्हणून ट्रॅक्टर, विद्युत जनित्रे आणि पाण्याचे पंप यांचे तेल पूर्वीपासून तासांच्या हिशोबाने बदलतात. ट्रॅक्टरांत बहुधा २५० तासांच्या आसपास. मोटारींच्या पुस्तिकांतही ‘खडतर वापर’ असा वेगळा तक्ता असतो. आखूड फेऱ्या, धुळीचे रस्ते, जड ओझे, दीर्घकाळ उभ्याने चालू ठेवलेले एंजिन, ही त्याची लक्षणे. हा तक्ता वाळवंटात जाणाऱ्यांसाठी आहे असे वाचकाला वाटते. प्रत्यक्षात भारतातील शहरी मोटारींपैकी फार मोठी संख्या त्यातच मोडते.

तेलाची अवस्था खरोखर जाणून घ्यावयाची असेल तर ते तपासले पाहिजे. याची एक घरगुती म्हणता येईल अशी पद्धत आहे. तप्त एंजिनातील तेलाचा एक थेंब टीपकागदावर टाकावयाचा आणि कागद काही तास आडवा, खालून मोकळा ठेवावयाचा. काजळी मध्यापासून कडेपर्यंत हळूहळू फिकट होत पसरली असेल, तर ती विखुरलेली ठेवण्याची तेलाची शक्ती शाबूत आहे. मध्यभागी गडद काळा ठिपका आणि त्याला धारदार कडा, असे दिसले तर ती शक्ती संपली आहे. भोवतालची रुंद फिकट कडा इंधन मिसळल्याची सूचना देते. या परीक्षेने श्यानता किंवा आम्लता कळत नाही, पण बोटांनी चोळण्यापेक्षा ती कितीतरी प्रामाणिक आहे.

मोठ्या एंजिनांसाठी मात्र वर्णपटाचा आधार घेतला जातो. ही पद्धत १९४० च्या दशकात अमेरिकेतील रेल्वेमार्गांवर रुळली. पुढे वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून बांधलेल्या डीझेल एंजिनांची निगा राखणाऱ्या भारतीय रेल्वेच्या शेडमध्येही अशा प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. तेलाचा नमुना विद्युत ठिणगीत जाळून त्याच्या प्रकाशाचे विश्लेषण केले की त्यातील धातू कळतात. लोह वाढले तर सिलिंडरच्या भिंती किंवा कडी झिजत असतील. तांबे, शिसे वा कथिल वाढले तर धारव्यांवर संशय येतो. सिलिकॉन धुळीकडे, तर शीतकातील सोडियम अथवा बोरॉन गळतीकडे बोट दाखविते. एखाद्या नमुन्यातील एकटा आकडा फारसा बोलत नाही. त्याच एंजिनाच्या मागील नमुन्यांशी तुलना केली की तो बोलू लागतो. ज्या एंजिनात शेकडो लिटर तेल असते तेथे ते तारखेवरून न बदलता अशा तपासणीवरून बदलणे फायद्याचे ठरते, आणि धारवा निकामी होण्यापूर्वीच एंजिन थांबविता येते, हा त्याहून मोठा लाभ. चार लिटर तेल असलेल्या मोटारीसाठी प्रयोगशाळेचा खर्च परवडत नाही. तिच्या मालकाला पुस्तिकेतील खडतर वापराचा तक्ता आणि आपल्या वापराची नोंद यांवरच भिस्त ठेवावी लागते. कमी चालणाऱ्या गाडीचे तेल वर्षातून एकदा तरी बदलावे, कारण पाणी आणि हवा अंतराची वाट पाहत नाहीत.

बदल करताना काही साध्या गोष्टी पाळल्या जाव्यात. तेल गरम असताना काढावे, म्हणजे तरंगणारी घाण त्याबरोबर निघते. गाळणीही त्याच वेळी बदलावी. नव्या तेलात जुनी गाळणी ठेवणे म्हणजे घासलेल्या भांड्यावर उष्टे झाकण ठेवण्यासारखे आहे. पातळी दांडीवरील दोन खुणांच्या दरम्यान असावी. वरच्या खुणेच्या पलीकडे तेल भरले तर फिरता भुजादंड त्याला घुसळतो, त्याचा फेस होतो आणि फेसात भार पेलण्याची शक्ती नसते. रिकामा डबा मालकाने आपल्यासमोर कापून किंवा भोके पाडून घ्यावा. वापरलेले तेल नुसते गाळून, रंग देऊन नावाजलेल्या डब्यांत भरून विकण्याचा धंदा चालतो, आणि त्याला लागणारा कच्चा माल असे शाबूत डबेच पुरवितात.

काढलेल्या तेलाचे काय होते, हे मालक सहसा विचारीत नाही. कामगार त्याला ‘जळके ऑइल’ म्हणतात. ते सेंट्रिंगच्या फळ्यांना चोपडले जाते, वाळवीवर ओतले जाते, भट्ट्यांत जाळले जाते, आणि उरलेले गटारात जाते. त्यात झिजलेले धातू आणि ज्वलनातून आलेली विषारी संयुगे असतात. कातडीशी त्याचा वारंवार संपर्क अपायकारक आहे, आणि म्हणून वर्षानुवर्षे हात त्यात बुडविणाऱ्या मिस्त्रीने हातमोजे वापरले पाहिजेत. भारतातील धोकादायक कचऱ्याविषयीच्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये या नियमांत केलेल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, तेल तयार करणाऱ्यांवर व आयात करणाऱ्यांवर वापरलेल्या तेलाच्या पुनःप्रक्रियेची जबाबदारी टाकण्यात आली आहे. ही प्रक्रिया अवघड नाही. पाणी व इंधन उडवून लावले, निर्वातात ऊर्ध्वपातन केले आणि शुद्धीकरण केले की मूळ तेल जवळजवळ होते तसे परत मिळते, कारण झिजून संपतात ती मुख्यत्वे पूरक द्रव्ये, तेल नव्हे. त्यासाठी ते पाणी, रंग आणि रॉकेल यांच्यात न मिसळता झाकणाच्या पिंपात वेगळे ठेवलेले असावे लागते, आणि अशी पिंपे अजून फार थोड्या कारखान्यांत दिसतात.